नाव घेऊन

सोजरबाईंच्या चष्म्याची एक काडी ढिली झाली होती. नातवंडांना भाकरी थापताना चष्मा घसरून थेट पिठात पडतो, एवढी साधी तक्रार घेऊन त्या सकाळीच सात रस्ता चौकाजवळच्या बोळातल्या शांतवनच्या चष्म्याच्या दुकानात आल्या, स्टुलावर टेकल्या आणि पदराने मान पुसत उन्हाला नावं ठेवू लागल्या. मार्च नुकता लागला होता, पण सोलापूरचं ऊन पंचांग बघून येत नाही. शांतवनने चष्मा उलटा धरला, मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात पकडला आणि पोराला चहा सांगू का म्हणून विचारलं. "नगं," सोजरबाई म्हणाल्या, "पाणीसुदिक घेतलं न्हाय आज. उपास हाय. रत्नम्मासाठी धरलाय." स्क्रू चिमट्यातून सुटला. काचेच्या टेबलावर टिचकन वाजला आणि कुठे गेला ते कळलं नाही. शांतवन वाकून फरशीवर हात फिरवू लागला, आणि तिथे टेबलाखाली, धुळीत आणि जुन्या पावत्यांच्या चिटोऱ्यांत, त्याला थोडं बरंही वाटलं, कारण तोंड दिसत नव्हतं. वरून सोजरबाईंचा आवाज येतच होता. "साखळीत आज माझी पाळी हाय. पाळकबाईनं समद्या बायकांना दिवस वाटून दिलेत की. संध्याकाळी तुमच्याच घरी सभा हाय, तितं नाव घेऊन मागणार हाय मी. त्या गाठीचं नाव घेऊन."

आता यात वाईट कोणाचंच नव्हतं, आणि अडचण नेमकी तीच होती. बायकोचा, रत्नम्माचा, रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी शांतवनला एकट्याला आत थांबवून घेतलं होतं. बाहेर येऊन त्याने रत्नम्माला सांगितलं, आतड्याला सूज आहे, औषधं लागतील. पुण्याहून आरोही येत्या रविवारी येणार होती. मुलगी आली की तिघं बसू आणि मग सांगू, असं बाप-लेकीचं फोनवर ठरलं. मधल्या रविवारी उपासना संपल्यावर तो चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला आणि देवळामागच्या छोट्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या तुटक्या बाकांकडे बघत, त्याने सगळं सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायला हवं होतं. पाळकसाहेबांनी त्याचा हात धरून प्रार्थना केली आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले, प्रार्थनेत आठवण ठेव. बायकोने ठेवली. एकटीने ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी ठेवावी म्हणून तिने उपासप्रार्थनेची साखळी केली. मंडळीत बातमी कधी चहाडी म्हणून फिरत नाही, ती प्रार्थनेची विनंती म्हणून फिरते. चहाडी करणाऱ्याला रागावता तरी येतं. उपाशीपोटी आपल्या बायकोसाठी गुडघे टेकणाऱ्या बाईला माणूस काय बोलणार?

स्क्रू सापडला. टेबलाच्या पायाशीच होता. शांतवन उठला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, तिला अजून माहीत नाही." सोजरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि ओले दिसत होते. "रविवारी आरोही येतेय. तोवर... आज संध्याकाळी तिच्यासमोर तेवढं बोलू नका." सोजरबाईंनी पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "शांतवन, डोळं उघडं हायती तंवर तू म्हणशील ते करीन. पण डोळं मिटल्यावर समोर कोण हाय ते मला न्हाय कळत. तितं फकस्त त्यो असतोय. त्याच्याफुडं आडून आडून कसं बोलू मी?" त्यांनी चष्मा घेतला, घातला, मान हलवून घट्ट बसला का बघितलं. "आन मी गप बसले तरी बाकीच्या हायत्याच की. तू सांग तिला. अजून लई वेळ हाय." एवढं बोलून त्या उन्हात गेल्या. पैसे विचारलेसुद्धा नाहीत, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

सोजरबाईंची प्रार्थना मंडळीत सगळ्यांना ठाऊक. मूळच्या मोडनिंबकडच्या, सगळी हयात दवाखान्यात आया म्हणून गेली, आणि तिथली सवय अंगात मुरलेली. आजाऱ्यासाठी मागायचं तर त्या देवाला वॉर्ड सांगायच्या, कॉटचा नंबर सांगायच्या, खिडकीकडची की दाराकडची तेही सांगायच्या. पोरं फिदीफिदी हसायची. एकदा पाळकसाहेबांनीच हळूच म्हटलं, बाई, देवाला सगळं माहीत असतं. "माहीत असतंय व्हय," सोजरबाई म्हणाल्या, "पण तितं एका नावाच्या चार-चार बाया असत्यात. शेजारचीला बरं करून गेला म्हंजी?" रत्नम्मा हे घरी येऊन सांगताना इतकी हसली होती की तिला ठसका लागला. त्यानंतर कधी घरात किल्ली सापडेनाशी झाली की ती म्हणायची, सोजरमावशींना सांगू या, त्या देवाला कपाटाचा कप्पासुद्धा सांगतील. आता संध्याकाळी त्याच सोजरबाई त्याच देवाला तिच्याच पोटातल्या गाठीचा पत्ता देणार होत्या आणि ती तिथेच, चादरीवर, इतर बायकांच्या ओळीत, डोळे मिटून बसलेली असणार होती. ती ऐकणार आणि पहिल्यांदा तिला कळणारही नाही की हे आपलंच चाललंय. मग कळेल. शांतवनला त्या मधल्या क्षणाची भीती वाटत होती. आजाराची होतीच, ती वेगळी. ही भीती लहान होती आणि जास्त टोचत होती.

दुपारपर्यंत त्याने गिऱ्हाइकं केली. एका कॉलेजच्या मुलीला तीन फ्रेमी दाखवल्या, एका म्हाताऱ्याला अक्षरं वाचायला लावली. वाचा आजोबा, खालची ओळ. दिसत नाही. मग हे भिंग? थोडं दिसतंय. आणि हे? लोकांना न दिसणारं दिसायला लावायचं, यात त्याचा जन्म गेला होता. काचा पुसता पुसता मनातल्या मनात दोन शब्द देवाशी बोलायचे, आजच्या दिवसापुरतं दे, उद्याचं उद्या बघू, ही त्याची जुनी रीत. तो काही मोठा भाविक नव्हता. देव त्याच्या दुकानात एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसासारखा येऊन बसे, फारसं बोलणं नसे, पण बरं वाटे. रिपोर्ट आल्यापासून मात्र त्या ओळखीत काही तरी अवघडलं होतं. रोज दिवेलागणीला दोघं जेवणाआधी प्रार्थना करत, आधी ती, मग तो. उघड्या डोळ्यांनी त्याने तिला सूज म्हणून सांगितलं होतं, ते जमलं. पण डोळे मिटून तिच्या शेजारी बसल्यावर खोटंही बोलता येईना आणि खरंही. मग तो लांबून वळसा घालायचा. जगातले सर्व आजारी. सर्व दुःखी. सर्व राज्यकर्ते. परवा ती वाढता वाढता म्हणाली होती, "तुमची प्रार्थना हल्ली छापील झालीय काय की. पत्रिकेसारखी." तो हसला होता. आणि आणखी भात मागितला होता.

आणि आई आठवली. गोजाबाई. बोर्डिंगात पोरांचा स्वयंपाक करायची, तिच्या हाताला कायम कांद्याचा वास. शांतवन अठरा-एकोणीस वर्षांचा होता तेव्हा ती अंथरुणाला खिळली, आणि वडिलांनी घरात, शेजारीपाजारी, मंडळीत सगळ्यांना बजावून ठेवलं की तिच्यापुढे कोणी अक्षर काढायचं नाही. लोकांनी पाळलं. तिच्या उशाशी बसून माणसं तासन् तास प्रार्थना करायची, पावसापाण्यासाठी करायची, परगावी गेलेल्यांसाठी करायची, आणि तिच्या नावापाशी आली की सगळ्यांचीच जीभ अडखळायची. एका दुपारी घरात दुसरं कोणी नसताना आईने त्याला जवळ बोलावलं. "शांतवन," ती म्हणाली, "समदे येत्यात, समद्यांसाठी मागत्यात. माझं नाव का घेत न्हाईत रे कोणी? मी काय केलं?" तो पाणी आणायला म्हणून उठला होता. पुढे कितीतरी वर्षं त्याला वाटत राहिलं की आई आजाराने गेली ते एक दुःख, पण ती आपल्याच घरात, आपल्याच माणसांत वगळली गेली, ते त्याहून मोठं. आणि आता तो स्वतः दर संध्याकाळी सर्व राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करत होता.

त्याने शटर अर्धं ओढलं आणि घरी निघाला. जाऊन सांगायचं, बस्स. रस्ता नेहमीचाच होता, रिक्षा, हॉर्न, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं, पण आज त्याला वाटत होतं की सगळ्यांना कुठे जायचं ते ठाऊक आहे आणि आपल्यालाच तेवढं नाही. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत तिसरं घर, दाराला निळा रंग. नाताळात रंगवला होता. आधीचा हिरवा तिला आवडत नव्हता. इतकी वर्षं दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतंय म्हणायची. आत रत्नम्मा चिवड्याला फोडणी देत होती. आत्ता आत्तापर्यंत ठसठशीत बाई, आता हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या आणि ती त्या सारख्या मागे सारत होती. खोलीत तिने वडिलांच्या हातमागावरची चादर अंथरली होती, मोरांची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, त्यांच्या घरी माग होता. लग्नात दुसरं काही देण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी ती स्वतः विणून दिली होती.

त्या चादरीकडे बघताना त्याला ते देऊळ आठवलं, जिथे तेलुगू मंडळी आणि मराठी मंडळी नाताळच्या आधी एकदा एकत्र उपासना करायची. तेलुगू मंडळीचे वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले की संपायचं नाव नाही. शब्द कळत नव्हते आणि डोळे मिटून मिटून कंटाळलेला तरुण शांतवन हळूच डोळे उघडून बघत होता, कोणाचा कोट, कोणाचं टक्कल. आणि पलीकडच्या बाकावर एक मुलगी, तिचेही डोळे उघडे. सगळ्या देवळात दोघंच. त्याला वाटलं ती लाजेल. तिने हनुवटी किंचित खाली करून त्याला दटावलं: मिटा. तिचे स्वतःचे मात्र उघडेच. पुढे लग्न झालं, संसार झाला, आरोही झाली, पण ती हनुवटी तशीच राहिली. तो प्रार्थनेत इकडेतिकडे बघायचा आणि ती त्याला पकडायची. तुला कसं कळतं, असं त्याने एकदा विचारलं होतं. देव सांगतो, ती म्हणाली होती.

"रत्ना, जरा बस," तो म्हणाला.

"बसते कुटं. शेंगदाणे काळे पडतील."

"गॅस बंद कर. एक बोलायचंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. गॅस बंद केला. हात पुसत ती चादरीच्या कडेला टेकली, आणि त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी बाहेर नळ सूं सूं करू लागला. चार दिवसांनी पाणी आलं होतं. सोलापुरात पाण्यापुढे कोणाचं काही चालत नाही, मयतसुद्धा घटकाभर थांबतं. रत्नम्मा उठलीच. "अहो, मोटर लावा, पिंप धुवायचंय अजून, लोकं आल्यावर हातपाय धुवायला पाणी नको?" तो मोटर लावायला गेला, मग पिंप, मग हंडे, मग बादल्या, मग शेजारच्यांकडून खुर्च्या. हंडा तो तिच्या हातातून घेत होता आणि ती म्हणत होती, सूजच आहे ना, हात नाही मोडला. हे ऐकून तो पुढची बादली भरायला वळला. त्याला नळाचा राग आला आणि मग स्वतःचा, कारण नळ आला तेव्हा त्याला आधी हायसं वाटलं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उन्हं कलल्यावर माणसं आली. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातल्या घरसभा अशाच. दर आठवड्याला एकाचं घर, पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली, पंख्याखालची जागा म्हाताऱ्यांना. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. साखळी कुठवर पोचली ते त्यांच्याही कानावर गेलं असावं. पाळकबाईंनी रत्नम्माला मिठी मारली, जरा जास्तच वेळ. रत्नम्मा हसून म्हणाली, "एवढ्या काय की, कालच तर भेटलो." गीत झालं, वाचन झालं, चार शब्द झाले. शांतवनने एकही ऐकला नाही. तो बायकांच्या ओळीकडे बघत होता. सोजरबाई रत्नम्माच्या अगदी शेजारी, उपासाने चेहरा उतरलेला. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण एकेक जण प्रार्थना करू. घरचे मालक शेवट करतील." रीत तशीच होती. पाहुण्यांनी आधी मागायचं, यजमानाने सर्वांत शेवटी उपकार मानून आमेन म्हणायचं. माना खाली गेल्या, डोळे मिटले. आणि सोजरबाईंनी घसा साफ केला.

तो घसा सगळ्यांच्या ओळखीचा होता. आता त्या सुरू होणार. शांतवन खुर्चीवरून खाली उतरला, चादरीवर, मोरांवर गुडघे टेकले, आणि त्याचं त्यालाच कळायच्या आत बोलू लागला. यजमान पहिला बोलतोय म्हणून कोणाची तरी खुर्ची करकरली.

"प्रभू," तो म्हणाला, "रत्नम्माच्या पोटात गाठ आहे. साधी नाही. कॅन्सरची आहे. मी तिला सूज म्हणून सांगितलं. तुला सांगितलं, पाळकसाहेबांना सांगितलं, आरोहीला सांगितलं, तिलाच तेवढं सांगितलं नाही. औषध लागू पडेल की नाही ते डॉक्टरांना सांगता येत नाही. मला भीती वाटते. तिच्याशिवाय ह्या घरात कसं राहायचं ते मला येत नाही. तिने हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये म्हणून मी मधेच बोललो. दुपारीच बोलायला पाहिजे होतं. त्याच्याही आधी."

पुढे शब्द संपले. आमेन म्हणायचं राहिलं होतं. तेवढा एक शब्द त्याला येईना, कारण आमेन म्हणजे तसंच होवो, आणि काय तसंच होवो? एकाने आमेन म्हटल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. सगळं घर तिथेच अडकलं. पंखा फिरत होता. मोरीत नळ थेंब थेंब गळत होता. पाणी गेलं तरी नीट बंद करायचा राहिला होता. शांतवनने डोळे इतके घट्ट मिटले होते की आत लाल-पिवळं दिसू लागलं. त्याला वाटलं, ती उठून आत जाईल. उठली तर बांगड्या वाजतील. तो बांगड्या ऐकत राहिला.

"आमेन," रत्नम्मा म्हणाली.

आवाज तिचाच होता, जरा जाड. मग ती हळू आवाजात तेलुगूत बोलू लागली. मंडळीत ती नेहमी मराठीतच प्रार्थना करी. तेलुगू तिची एकटीची होती, पहाटेची, भाकरीच्या परातीवरची. इतक्या वर्षांत शांतवन बाजारापुरतं, सासुरवाडीपुरतं तेलुगू शिकला होता, प्रार्थनेपुरतं नाही. त्याला तंड्री एवढंच कळलं, बापा, तेही ती परत परत म्हणत होती म्हणून. एकदा त्याचं नाव आलं. एकदा आरोहीचं. एका ठिकाणी आवाज चिरला आणि ती थांबली, नाक ओढलं, आणि पुन्हा बोलू लागली. ती काय मागते आहे हे त्याने विचारायचं नव्हतं, आणि पुढेही त्याने कधी विचारलं नाही. ती थांबली. आणि मग ती मराठीत म्हणाली, "सोजरमावशी, आता तुमी करा. पत्ता नीट सांगा."

कोणी हसलं नाही, पण खोलीतला श्वास सुटला. सोजरबाईंनी घसा साफ केला. "हे बापा," त्या म्हणाल्या, "तुझी लेक रत्नम्मा. तिच्या पोटात गाठ हाय, डाव्या अंगाला. दवाखान्यात अजून घातली न्हाय, घरीच हाय, सोलापुरात. पाण्याच्या टाकीच्या मागली गल्ली, बापा..." शांतवनने डोळे उघडले. सवयच ती. सगळ्यांच्या माना खाली, पापण्या मिटलेल्या, पाळकसाहेबांचे ओठ हलत होते. आणि पलीकडे, बायकांच्या ओळीत, रत्नम्माचे डोळे उघडे. लाल झालेले, त्याच्याचकडे लागलेले. त्या डोळ्यांत राग होता, चांगलाच होता, आणि तो माणसं गेल्यावर, चहाची भांडी विसळून झाल्यावर त्याच्यावर निघणार होता, हेही त्याला दिसलं. त्याला त्या रागाचा आधार वाटला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने हनुवटी किंचित खाली केली.

त्याने डोळे मिटले.

"...गल्लीत शिरलं की तिसरं घर," सोजरबाई सांगत होत्या, "हिरव्या दाराचं, बापा..."

"निळ्या," रत्नम्मा म्हणाली. "नाताळात रंगवलंय."

"निळ्या दाराचं," सोजरबाईंनी देवाला सांगितलं, आणि त्या पुढे मागू लागल्या.